मागची जागा

घोडीचं आणि गाढवाचं जमतं. त्यांना खेचर होतं, ओझं वाहायला आईबापांपेक्षा काकणभर सरस. पण घराणं तिथंच संपतं. खेचराला पिल्लू होत नाही, त्यामुळे घोडीच्या नशिबी नातवंडं नाहीत. खाणीवरच्या थोराड खेचर मादीला गड्यांनी 'मावशी' म्हणायला सुरुवात केली ती यावरूनच. स्वतःचं कुणी नाही, मग सगळ्यांची मावशी.

मुकादमाची बायको खेचरांची खोगिरं शिवायची. तिला सगळे वहिनी म्हणत. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि कपाटात दवाखान्यांच्या फाइली होत्या. 'मावशी' अशी हाक कानावर आली की तिच्या हातातला दाभण क्षणभर थांबायचा.

खाणीतल्या दगडाच्या गोण्या पायवाटेनं खाली चुन्याच्या भट्टीकडे जात. एका सकाळी मावशी वळणावर थांबली. मान वळवून मागे बघितलं, जरा वेळ काढला, मग चालू लागली. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. मुकादमानं आधी शिव्या दिल्या, मग साखर दिली. मावशीनं साखर खाल्ली, पण थांबणं सोडलं नाही.

"कुणाची तरी वाट बघतेय," वहिनी म्हणाली.

"माझी नोकरी जायची वाट बघतेय. मालक म्हणतात, विकून टाका हिला."

वहिनीला आणखी एक गोष्ट दिसली. मागचं खेचर आता मावशीच्या शेपटीला लागून चालत नव्हतं. मध्ये लहानशा जनावराएवढी जागा सोडायचं. काठी बसली तरी ती जागा काही भरायचं नाही. खोटं वाटत असेल तर भट्टीवाल्यांना विचारा. तेही तेवढी जागा सोडूनच गोण्या उतरवत, आणि का म्हणून विचारलं तर डोकं खाजवत.

मग एकदा खोगिराचा पट्टा आवळताना वहिनीचा हात ओला झाला. बोटं नाकाशी नेली. दूध होतं.

जनावरांचा डॉक्टर आला, तपासून हात धुवायला बसला. "क्वचित कुठं एखादं खेचर व्यायल्याचं ऐकतो आपण. पण मग पिल्लू दिसायला नको का?"

"मग दूध कुणासाठी?"

"देहालाही भास होतात, वहिनी."

हे वाक्य तिनं आधी ऐकलं होतं. दुसऱ्या दवाखान्यात, स्वतःबद्दल.

मावशीला न्यायला ट्रक आला त्या दुपारी वहिनीनंच तिची दोरी धरली. फाटकातून बाहेर पडल्यावर मावशी थांबली आणि मागे बघू लागली.

"ओढ की तिला," मुकादम ओरडला.

वहिनीनं ओढलं नाही. फाटक उघडं धरून उभी राहिली.

वारा पडलेला होता. तरी तिच्या गुडघ्यापाशी कापड हललं.

तळहाताला उबदार, ओलसर श्वास लागला. काहीतरी हुंगत होतं.

"राहू दे माझ्याकडे," ती हळूच म्हणाली. "मी बघेन याचं."

मावशीनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग फळीवरून ट्रकमध्ये चढली. मागे वळली नाही.

दुसऱ्या दिवशी बेकरीच्या रांगेत वहिनीच्या मागे एक म्हातारा उभा होता, चांगलाच मागे सरकून.

"काका, पुढे या ना."

"असू दे, असू दे," तो म्हणाला, आणि आपण मागे का उभे आहोत हे आठवेना म्हणून ओशाळला.

घराकडच्या वळणावर ती थांबली. दमलेल्या छोट्या पायांना गाठायला लागतो तेवढा वेळ थांबली, आणि मग हळू चालू लागली.

"दार लाव की," मुकादम आतून म्हणाला. "कुणी आहे का मागे?"

"जरा थांबा."

तिनं दार सावकाश लावलं. कडी घालायला हात वर केला तेव्हा तिच्या लक्षात आलं, अंगातला कपडा छातीपाशी ओला झाला होता.