खण पाण्यात टाकायचा नाही

“जॅकेट घाला, नाहीतर उतरा.”

प्रेरणा हर्षलशी पहिल्यांदा बोलली ती अशी! नांदुऱ्याचा हा देखणा गडी मित्रांबरोबर धरणावर सहज फिरायला आला होता. नवा पांढरा शर्ट झाकला जाईल म्हणून जॅकेट मांडीवर घेऊन बसलेला. मोटारबोटीच्या सुकाणूवर मुलगी बघून आधीच गडबडलेला... त्यात हा हुकूम. घातलं बिचाऱ्यानं निमूट.

मग तिनं एक लाल दोरी मनगटाला अडकवली.

“ही कशाले?”

“मी पान्यात पडली तं इंजिन आपोआप बंद होते. पान्यातला पंखा कोनाले लागत नाही.”

“अन् मी पडलो तं?”

“नीट बसा ना... मंग कसे पडता?” ती हसली.

झालं! गडी कामातून गेला. मग दर रविवारी त्याची मोटारसायकल धरणाच्या वाटेला. निघण्याआधी प्रेरणा वारा बघायची, आभाळ बघायची, माणसं मोजायची. एक जरी जास्त असला तरी तो पुढाऱ्याचा पाहुणा का असेना, खाली! मासेमारांची जाळी दिसली की लांबूनच वेग कमी. काय पोरगी आहे, हर्षलला पुन्हा पुन्हा वाटायचं.

एका रविवारी त्यानं धीर केला. “प्रेरणा... मले तुमी... म्हंजे, लग्नाचं...”

बोट बांधता बांधता तिचे हात थांबले. “दोन स्थळं येऊन गेली. दोघायलेही बोट सोडनारी बायको पाहिजे होती. मी सोडनार नाही.” मग हळूच म्हणाली, “तुमी मलेही आवडता. पन आधी आईले घेऊन या. मले काम करताना त्यायले पाहू द्या. त्यायले पटलं तरच.”

हर्षलच्या आईचं, पुष्पाबाईचं, माहेर याच धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. गाव वर वसलं, देवी नव्या देवळात गेली. पण पुष्पाबाई दर पौषात जुन्या देवीची ओटी काठावरूनच पाण्यात सोडायची. यंदा बोटीतून थेट त्या जागेवर जायला मिळणार म्हटल्यावर ती बहिणीला घेऊन आलीच.

“काकू, फुलं वाहा, हळदकुंकू वाहा. खण-नारळ नको. कापड पंख्यात गुंतलं तं बोट मधातच अडकते,” प्रेरणानं बोटीत बसवतानाच सांगितलं.

“तू मले शिकवतं व?” पुष्पाबाईचा चेहरा उतरला.

देवळाची जागा जवळ आली आणि पुष्पाबाईला राहवलंच नाही. ओटी घेऊन ती उभी राहिली, कडेला वाकली. तिच्यामागे मावशीही उठली. बोट एका अंगाला कलली, पाणी आत उडालं. हर्षल आईकडे झेपावणार तोच —

“हर्षल, हलू नका! बसा!”

तो बसला. जीव कासावीस झाला, तरी बसला. प्रेरणानं वेग हळूहळू उतरवला, बोटीचं तोंड वाऱ्याकडे धरलं. आवाज मात्र मऊ होता. “काकू, मावशी... तसंच खाली टेका. हाव, असंच. मी आहो ना.”

दोघी टेकल्या. बोट सावरली. किती शांत राहिली ही!

“हेच ते ठिकान, काकू. बसूनच फुलं वाहा.”

पुष्पाबाईनं फुलं सोडली, डोळे पुसले. ओटी तशीच मांडीवर राहिली. परतताना ती मागं पाण्याकडंच बघत राहिली, आणि हर्षलला वाटलं, संपलं सगळं.

धक्का आला. “पोरी, इकडं ये,” पुष्पाबाई म्हणाली. “माहं पोट्टं लहानपनापासून माहं ऐकत नाही. तुह्या एका शब्दानं बसलं! चुकलं माहं, उठाले नव्हतं पाहिजे. ओढनी पसर.”

प्रेरणाचा चेहरा लाल झाला. “थांबा, काकू... आधी बोट बांधू द्या.”

तिनं इंजिन बंद केलं, दोर आवळला, मनगटाची लाल दोरी काढली. मग ओढणी पुढं केली आणि तशीच अडखळली. “बोट... सोडावी लागन का?”

“सोडली तं मले दर पौषात देवीकडं कोन नेईन?” पुष्पाबाईनं खण-नारळ तिच्या ओटीत घातला.

हर्षल अजून जागेवरच बसलेला. ऊठ असं त्याला कुणी म्हणालंच नव्हतं.

“आता उठा,” प्रेरणा म्हणाली, आणि त्याच्यापुढं हात केला.