बाराव्या पंपाचा ओटा

हसू नका रे. मोबाईल ठेवा खाली. माझा मावसभाऊ धनाजी ही गोष्ट दार लावून सांगतो, आणि तो लष्करात सिग्नलला वीस वर्षं काढलेला गडी आहे.

निवृत्तीनंतर आटपाडीकडच्या एका उपसा योजनेवर तो कॉम्प्युटर सांभाळायचा. अकरा पंप, सगळे कॉम्प्युटरवरून चालू-बंद. मागल्या पौषात कुणीतरी बाहेरून नेटवर्कात शिरायला बघत होतं. रोज रात्री एकेक दार चाचपून जायचं. वर कोरड्या कालव्यात दुरुस्तीवरची चाळीस माणसं झोपत होती. पंप सुरू झाले असते, तर सगळी झोपेतच वाहून गेली असती.

धनाजी मेंढक्याचा पोरगा. लांडगा पहिल्या रात्री मेंढरू उचलत नाही, नुसता भोवतीनं फिरून हुंगतो, हे त्याला लहानपणापासून पाठ. चोर कुठल्या रात्री काय हुंगणार याचा तक्ता त्यानं भिंतीवर लावला आणि त्याला फसवायला वाटेत एक खोटा पंप मांडला. फक्त कॉम्प्युटरवर. नंबर बारा.

कालव्यावरचा म्हातारा पहारेकरी लालासाहेब म्हणाला, "त्यो आकडा घिऊ नगंस. बाराची मोटार बसवताना आप्पासो गेला. तवापासनं आवारातला त्या मोटारीचा ओटा रिकामाच हाय."

"आवं मामा, रिकामा हाय म्हणूनच घेतला."

मंगळवार. अमावस्या. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. चोर तक्त्याबरहुकूम आला. अकरा पंप सोडून थेट बारावर गेला आणि तो चालू केला.

धनाजीनं मांडीवर थाप मारली. "घावलं बेनं!"

मग... बाहेरून घरघर आली.

अकराही पंप बंद होते. घरघर वाढली. टेबल थरथरलं.

फोन वाजला. लालासाहेब ओरडत होता, "पाणी आलंय रं! बंद कर!"

धनाजीनं कॉम्प्युटरवरून बारावा पंप पुसून टाकला. थांबेना. वायरी उपटल्या. थांबेना. मग तो अंधारात ओट्यापाशी गेला. ओटा रिकामा. त्यानं हात जोडले.

"आप्पासो... वर माणसं हायत..."

...

घरघर थांबली. चाळीसही जण कमरेपर्यंत भिजून वर आले. चोर पुन्हा कधी आला नाही. धनाजीनंही नोकरी सोडली.

माझा विश्वास नव्हता. यंदाच्या पौषात पहाटे मी स्वतः गेलो. गवत, जाळी, माझी गाडी, सगळं दवानं ओलंचिंब. त्या ओट्यावर एक थेंब नव्हता. मी हात टेकवला.

गरम होता.