शेवटचं रीळ

हसा लेकांनो, हसून घ्या. पण ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या साडूवर गुदरलेली आहे. आणि तो काही थापा मारणाऱ्यातला नाही.

साडू थिएटरात ऑपरेटर. गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार, रात्री साडेनऊचा खेळ. दुसऱ्या दिवसापासून थिएटर कायमचं बंद. म्हणून मालकानं एका गाजलेल्या कादंबरीवरचा जुना साहसपट लावला होता. गलबत फुटतं, एक खलाशी बेटावर एकटाच उरतो, आणि शेवटी त्याला न्यायला जहाज येतं.

केबिनमध्ये दोन मशिनी. एकीवरचं रीळ संपत आलं की दुसरी सुरू करायची, पडदा पांढरा पडू द्यायचा नाही. दुसरी मशीन पहिल्यापासून लंबूची, म्हणजे साडूच्या जोडीदार ऑपरेटरची. दोघं दिवसभर भांडायचे, एकमेकांच्या जेवणाच्या डब्यात हात घालायचे. उन्हाळ्यात लंबू वारला, आणि साडूचं बोलणंच आटलं. दोन्ही मशिनी तो एकटा ओढायचा. त्या रात्री त्याला एवढंच हवं होतं, की शेवटचा खेळ न तुटता पार पडावा. लंबूची लाज राहावी.

शेवटचं रीळ दुसऱ्या मशीनवर चढवून तो उभा राहिला. पडद्यावर खलाशी स्वतःशीच बोलत होता. साडूला भरून आलं. तो डोळे पुसायला जिन्यात गेला आणि तिथं त्याला एकदम आठवलं. रीळ चढवताना पहिल्याच पट्टीवर 'समाप्त' दिसलं होतं! काल एकदा चालवून पाहिल्यावर रीळ उलट गुंडाळायचंच राहिलं होतं. आता न्यायला येणारं जहाज उलटं मागे जाणार.

तो धावला. अर्ध्या जिन्यात असताना पहिली मशीन थांबली...

दुसरी सुरू झाली.

केबिनचं दार उघडं. आत कोणी नाही. पडद्यावर जहाज... सरळ येत होतं.

"लंबू?"

"अरे, आलास तर बोल की रे! शिव्या तरी दे!"

मशीनची टकटक. बस्स.

साडू म्हणतो, भीती नाही वाटली. इतक्या महिन्यांनी आला आणि एक शब्द बोलला नाही, याचंच रडू आलं.

माणसं गेली. दारं लावून तो वर आला. शेवटचं रीळ मशीनवरून उतरलेलं. गुंडाळून डब्यात. टोकाला चिकटपट्टी, तिचा कोपरा दुमडलेला... अंधारात नखाला सापडावा म्हणून. तसा कोपरा एकटा लंबूच दुमडायचा.

त्यावर वंगणाचा अंगठा उमटला होता. ओला.