एकोणीस होड्यांची गाथण

सागरकवच विमा कंपनीच्या मालवणच्या वादळकेंद्रात खिडकी एकच होती आणि तिच्याकडे कोणी बघत नसे. बघायला भिंतभर पडदा होता. त्या पडद्यावर अरबी समुद्राची हुबेहूब प्रत चालत असे. खऱ्या समुद्रात तरंगणारे हजारो संवेदक वारा, लाट आणि प्रवाह क्षणोक्षणी कळवत, आणि गणकयंत्र त्यावरून उद्याचा समुद्र आजच दाखवी. या यंत्रणेचे नाव प्रतिसागर. गेल्या सहा वर्षांत प्रतिसागराने एकाही नावेचे भाकीत चुकवले नव्हते.

सकाळी साडेनऊला केंद्राचे दार उघडून सुहासिनी कुबल आत आल्या. दहा वर्षे दुसऱ्यांच्या होड्यांवर राबून त्यांनी गेल्या आठवड्यात स्वतःची होडी घेतली होती. नाव ठेवले होते 'मानकरीण'. उद्या दुपारी 'वज्रा' वादळ किनाऱ्यावर येणार होते आणि 'मानकरीण'चा विम्याचा अर्ज नामंजूर झाला होता.

"माका कारण सांगा," त्या म्हणाल्या.

शाखाधिकारी हृषीकेश सापळे गोड हसले. हे हसणे कंपनी शिकवते. "ताई, कारण सांगायला आम्ही बांधील नाही."

"होडी माझी. नाय म्हणणारा ह्या यंत्र कोण?"

कोपऱ्यात बसलेल्या डॉ. इरावती देवस्थळींनी मान वर केली. प्रतिसागराचे गणित त्यांचे होते. त्याबद्दल कोणी असे तोंडावर विचारले नव्हते, म्हणून त्या उठून आल्या.

"ताई, विमा कशावर चालायचा माहीत आहे? न कळण्यावर. शंभर नावांतली एक बुडणार, पण कुठली ते कोणालाच ठाऊक नसायचं. म्हणून शंभर जण थोडंथोडं देत आणि ज्याची बुडे त्याला मिळे. आता कुठली ते कळतं."

"म्हणजे जा होडका बुडूचा नाय, तेचोच विमो तुमी उतरवतास?"

"होय."

"आणि जा बुडतला, तेका नाय?"

इरावतींनी होकार दिला. सापळ्यांनी घसा खाकरला.

"शाबास!" सुहासिनी म्हणाल्या. "जेका पोवाक येता, तेच्याच कमरेक भोपळो बांधतास!"

इरावतींना हसू आले आणि लगेच लाजही वाटली. सहा वर्षे आपण हाच भोपळा बांधत आलो, हे त्यांना कोणी इतक्या सोप्या भाषेत सांगितले नव्हते.

सुहासिनी जायला वळल्या नाहीत. उलट खुर्ची ओढून बसल्या. "आता माका सांगा. होडी जेटीक नाय, खाडीत बांधली तर?"

कायदा त्यांच्या बाजूने होता. अर्ज विनाशुल्क, परिस्थिती बदलली की नवा अर्ज, आणि प्रत्येक अर्जाला तासाभरात उत्तर. बुडणाऱ्यांना ताटकळत ठेवू नये म्हणून सरकारने केलेला हा नियम कोणी असा वापरला नव्हता. सापळ्यांनी नाइलाजाने बोटे चालवली. खाडीत, नामंजूर. कातळाच्या आडोशाला, नामंजूर. कांदळवनात शिरवून, नामंजूर. दोन नांगर टाकून, नामंजूर.

"ताई, हा काय खेळ आहे?"

"खेळ तुमीच मांडलास. मी नुसती सोंगटी हलवतंय."

आठव्या अर्जानंतर इरावतींनी सापळ्यांना बाजूला सारले आणि पडद्यावर उद्याची खाडी उघडली. तीन वाजून चाळीस मिनिटांनी वारा नैऋत्येकडून एकदम वायव्येला फिरत होता. त्या झटक्याला 'मानकरीण'चा नांगर सुटे आणि ती कातळावर आपटे. मग इरावतींनी सुहासिनींच्या वाडीच्या उरलेल्या अठरा होड्या त्याच खाडीत आणल्या. एकेक करून अठराही तशाच फुटल्या.

दहा वर्षांपूर्वी याच खाडीत सुहासिनींच्या नवऱ्याची होडी फुटली होती. नवरा तेव्हा होडीवरच होता. इरावतींनी तेच पुन्हा चालवले आणि पडद्यावरची 'मानकरीण' दुसऱ्यांदा फुटली, तेव्हा सुहासिनी उठून जवळ गेल्या.

"ही सगळी अशी लांब लांब कित्याक?"

"म्हणजे?"

"पूर्वी वादळात एकटा होडका कोणच बांधी नाय. सगळी मिळान गाथण घालीत. कुशीक कूस लावन, मधी जुनी जाळी नि टायर. सगळ्यांचे नांगर चारी दिशांक." त्यांनी बोटे एकमेकांत गुंफून दाखवली. "आणि आपली गाठ आपण मारूची नाय. शेजाऱ्यान मारूची."

"ते का?"

"आपण मारली तर वेळ इली की सोडून पळाक बरी, अशी मारतो. शेजारी मारता ती सुटना नाय."

इरावतींनी सापळ्यांकडे बघितले. "मग ही पद्धत बंद कधी झाली?"

उत्तर सापळ्यांना द्यावे लागले, कारण ते त्यांच्या करारातच होते. कलम चौदा: विमा उतरवलेली नाव दुसऱ्या कोणत्याही नावेस बांधू नये. नुकसान कोणाचे, हा वाद नको म्हणून. लोकांनी विम्यासाठी गाथण सोडली. पुढे प्रतिसागर आला आणि त्याने विमाही काढून घेतला. तेल गेले, तूप गेले, आणि हाती राहिले कलम चौदा.

"माझ्याही गणितात एका वेळी एकाच नावेची जागा आहे," इरावती हळू आवाजात म्हणाल्या. "मी यंत्राला कधी विचारलंच नाही." त्यांनी एकोणीस होड्यांचा एक देह करून प्रतिसागरात घातला. गणनेला अकरा मिनिटे लागली. तेवढ्या वेळात सुहासिनींनी पाण्याचा घोटही घेतला नाही.

पडद्यावर तीन चाळीसला वारा फिरला. एका बाजूचे नांगर सैल पडले, दुसऱ्या बाजूचे ताणले. गाथण सबंध एका अंगाने वळली आणि तरंगत राहिली. खाली अक्षरे आली: एकोणीसही शाबूत. मंजूर. त्याखाली बारीक अक्षरांत एक अट होती. एक जरी नाव बाहेर राहिली, तर सगळ्या जातील.

सापळे आता मनापासून हसले. "अभिनंदन, ताई! कलम चौदा मी वरून शिथिल करून आणतो. इथे सही करा."

"विमो? आता कित्याक?"

"असं कसं? समजा, यंत्र चुकलं तर?"

सुहासिनींनी पदर खोचला. "यंत्र चुकता, तर सकाळी माका विमो नाय कित्याक म्हटलास? आणि चुकना नाय, तर आता घेव कित्याक?"

सापळ्यांनी सहीचा कागद मागे ओढून घेतला.

वाडीत सतरा जण तासाभरात तयार झाले. अठरावा बाळकृष्ण, सुहासिनींचा धाकटा दीर. नवऱ्याच्या मागे जाळ्यांच्या वाटणीवरून बोलणे तुटले, ते तुटलेच होते. गाथणीत त्याची होडी नेमकी 'मानकरीण'च्या शेजारी येत होती. सुहासिनी धक्क्यावर त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि दोर पुढे केला.

"भावजी, गाठ मारा."

बाळकृष्णाने दोर हातात घेतला. "वैनी, माझ्यावर विश्वास आसा तुमचो?"

"नाय," त्या म्हणाल्या. "पण माझी सुटली तर तुमचीव फुटतली. मारा घट्ट."

त्याने मारली. मग आपला दोर वहिनींच्या हातात दिला. त्या गाठ आवळत असताना त्याने डोळे पुसले, आणि तेव्हा पाऊस अजून सुरू झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तीन चाळीसला वारा फिरला. संध्याकाळी एकोणीस होड्या खाडीत होत्या. काहींचे रंग खरवडले होते, 'मानकरीण'चे नावच अर्धे पुसले गेले होते. ते सुहासिनींनी त्याच आठवड्यात पुन्हा रंगवून घेतले, पहिल्यापेक्षा मोठ्या अक्षरांत.

बातमी किनाऱ्याने पसरली. डहाणूपासून रेडीपर्यंत लोक विनाशुल्क अर्ज करू लागले. नामंजूर आला की जागा बदलत, गाथण वाढवत, पुन्हा अर्ज करत. मंजूर आला की यंत्राचे आभार मानून घरी जात. नावा वाचू लागल्या आणि विमा कोणी घेईना.

पावसाळा सरताना इरावती वाडीत आल्या. त्यांनी नोकरी सोडली होती आणि आता त्या प्रतिसागर मच्छीमार संस्थेसाठी चालवणार होत्या. धक्क्यावर बसून त्यांनी सुहासिनींना एक बातमी दिली. विमा कंपन्याही स्वतःचा विमा उतरवतात, त्याला पुनर्विमा म्हणतात. तो विकणारी बडी कंपनी प्रतिसागराचेच गणित भाड्याने वापरते. सागरकवचने तिच्याकडे यंदाचा अर्ज केला होता.

"मग?"

"दोन मिनिटांत उत्तर आलं. नामंजूर. सापळ्यांनी कारण विचारलं, तर म्हणाले, आम्ही बांधील नाही."

सुहासिनी खळखळून हसल्या. मग जाळ्यातली गाठ सोडवता सोडवता त्यांनी विचारले, "कंपनी एकटीच आसा ना? कोणाक बांधलेली नाय?"

"नाही."

"मग बुडतली नाय तर काय!" त्या म्हणाल्या आणि जाळ्याच्या दोराचे दुसरे टोक इरावतींच्या हातात दिले. "धरा. ही गाठ तुमी मारा."