एक्याण्णव टक्के जेरिको

जेरिको भांडायला आला होता, आणि चुकून माझ्या टेबलाशी येऊन धडकला. फिलिपिन्समधल्या इलोइलोतल्या आमच्या मोबाइल कंपनीत माझं काम डेटा मायनिंगचं. कॉलच्या नोंदी उकरून कोणता ग्राहक सोडून जाणार, ते आधीच ओळखायचं. यादीतल्यांना मेसेज आपोआप जातो. त्याने फोन माझ्या नाकासमोर धरला – ‘आम्हाला सोडून जाऊ नका.’

"मी कुठे चाललोय, दाय? तुम्हीच सांगा."

पहिल्याच भेटीत लाडाने दाय! आगाऊ मेला. तो सोडून जाण्याची शक्यता किती, हा यंत्राने काढलेला आकडा मी पाहिला. एकेचाळीस टक्के. "अजून ठरलेलं दिसत नाही," मी म्हटलं. तो हसला, आणि गालावरच्या त्या खळीने माझी पंचाईत केली.

मग रोज दुपारी त्याच्या काकांच्या बाचोय-नूडल्सच्या गाडीवर जाणं आलंच. माझ्या सूपच्या वाडग्यात नळीचा मगज जरा जास्तच पडू लागला. फोन तासतासभर चालू लागले... आणि दर सोमवारी त्याचा आकडा चढू लागला. साठ. अठ्ठ्याहत्तर. एक्याण्णव.

आमच्या गावातले निम्मे पुरुष जहाजांवर, हाही जाणार? विचारलं, तर म्हणाला, साधा पासपोर्टही नाही. यंत्र कारण कधीच सांगत नाही, म्हणून मीच त्याच्या नोंदी उघडल्या. त्याने इतर सगळ्यांना फोन करणं सोडलं होतं. उरला होता एकच नंबर – माझा. आणि ज्याच्याशी माणूस बोलतो तो गेला, की मागोमाग बोलणाराही जातो, एवढं यंत्र शिकलेलं असतं.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. आम्हा कर्मचाऱ्यांचे नंबर यादीत घेतच नाहीत. तरीही – ‘आम्हाला सोडून जाऊ नका.’

सिंगापूरच्या नोकरीला मी होकार कळवला होता, हे आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

तशीच गाडीवर गेले. एका दमात सगळं ओकून टाकलं. जेरिको टेबल पुसत राहिला.

"ठाऊक होतं," तो म्हणाला. "हल्ली निघताना तू दोनदा वळून बघतेस."

"मग... तू?"

"पासपोर्टचा अर्ज केला. आज सकाळीच ठरवलं. तू मला आवडतेस, दाय. पण तू नको म्हणालीस, तर नाही येणार."

आज सकाळी! आणि यंत्र महिनाभर तेच सांगत होतं. मी त्याचा ओला हात धरला.

"ये," मी म्हटलं. हेही यंत्राला आधीच कळलं होतं का, कुणास ठाऊक. भीती वाटली, तरी हात सोडला नाही.