ओझ्याखाली बोलायचं नाही

ज्या दिवशी सावा गेली, त्या दिवशी सकाळी नर्स बाहेर येऊन कानजिरोला म्हणाली, "आजोबा, त्यांचा श्वास थांबलाय."

"थांबा जरा," कानजिरो म्हणाला. "सोडेल ती. तिला सवय आहे."

नर्सने त्याचा हात हातात घेतला, तेव्हा कुठे त्याला कळलं.

ती श्वास सोडेल असं त्याला वाटलं, याला कारण होतं. जपानमधल्या साकाता बंदरावरच्या तांदळाच्या गोदामात त्यांच्या तरुणपणी पोती वाहायचं काम बायका करायच्या. पेंढ्यात बांधलेलं साठ किलोचं पोतं, आणि सावा एका वेळी दोन न्यायची. कानजिरो डोंगरातल्या गावाहून सुगीपुरता आला होता. वय बावीस. पहिल्याच दिवशी पोत्यासकट खाली बसला. दुसऱ्या दिवशी बोटीतून उतरायच्या फळीवरच गुडघे टेकले, पोतं फुटलं.

"आणखी एकदा पडलास तर संध्याकाळच्या गाडीनं घरी," मुकादमीण ओतोकू म्हणाली. "तांदूळ पेरायला नाही बोलावलं तुला."

तो गोदामामागच्या झाडांखाली जाऊन बसला. पिवळी पानं हळूहळू खाली येत होती... तेवढ्यात समोरून सावा गेली. पाठीवर दोन पोती, डोळे अर्धे मिटलेले. तिने उंबऱ्याशी ओझं उतरवलं आणि लांब श्वास सोडला— हूऽऽ— झोपेतून जागं झाल्यासारखा. तो बघतच राहिला.

"काय बघतोयस?"

"तुम्ही... झोपेत चालता का?"

"आणि तू पोतं पाठीवर आलं की काय पुटपुटतोस? देवाचं नाव?"

"नाही हो. आभार मानतो. ओझं चढवून देणाऱ्याचे मानतात आमच्या गावात."

सावा इतकी हसली की तिला झाडाला टेकावं लागलं. "अरे वेड्या, सगळा श्वास आभारातच घालवतोस! मग उभा कशाच्या जोरावर राहणार?"

तिने त्याच्या कमरपट्ट्यावर तळहात टेकवला. "छातीत नको घेऊ, खांदे वर येतात. इथे घे, खाली. पट्टा आतून ताणला गेला पाहिजे. मग धरून ठेव आणि ऊठ. पूर्ण उभा राहिलास की थोडा थोडा सोड, चालताना लहान लहान घे. आणि ओझ्याखाली बोलायचं नाही. घे बघू."

"तुमचा हात आहे तोवर... श्वासच येत नाहीये."

तिने हात काढला. तिचे कान लाल झाले होते. "मग हात नाही असं समज," ती म्हणाली आणि भराभर निघून गेली.

दुपारी त्याच्या पाठीवर पोतं आलं. तो गप्प राहिला, पोट भरून श्वास घेतला, धरला आणि उठला. पोतं उतरवल्यावर मागे फिरून त्याने सगळ्यांना वाकून नमस्कार केला. बायका हसून हसून लोळल्या. तो कामावर राहिला.

पुढे सावाच्या पाठीवर पोती चढवायचं काम तो मागून घेऊ लागला. तिच्या मानेवर तांदळाची भुकटी असायची. दिवस कसे गेले ते कळलंच नाही. मग एका सकाळी ओतोकूने सांगितलं, उद्या शेवटची बोट. परवा सुगीवाल्यांनी घरी जायचं.

शेवटच्या सकाळी धुकं होतं. दुसरं पोतं ठेवताना कानजिरो मागूनच म्हणाला, "सावासान... माझ्याशी लग्न कराल?"

सावाने नुकताच श्वास धरला होता. ती उठली. चालू लागली. तो मागोमाग. गोदामाच्या दारापर्यंत चाळीस पावलं, नुसता पेंढ्याच्या चपलांचा आवाज... तिने ओझं उतरवलं. हूऽऽ.

"मेल्या, दुसरी वेळ सापडली नाही?"

"समोरून बोलायची हिंमत नव्हती."

"पहिल्या पावलालाच 'हो' म्हणणार होते. चाळीस पावलं पोटात धरून आणलंय." तिने डोळे पुसले. "पण माझं सामान उघड्या पाठीवरून नाही जायचं हं. गादी विण."

त्या मुलखात नवरीचं सामान वाहणाऱ्याच्या पाठीवर पेंढ्याची गादी असते, रंगीत चिंध्या घालून नवऱ्याने स्वतः विणलेली. कानजिरोने विणायला घेतली, पण त्या वर्षी बर्फ लवकर आलं. लग्न घाईत उरकलं, गादी शेजाऱ्याची आणली.

"सावकाश विण," सावा म्हणाली. "मी कुठे पळून चाललेय?"

पुढे दर हिवाळ्यात तो आपली गादी विणायला काढायचा. सावा शेजारी बसून चिंध्या निवडून द्यायची, लाल, मग निळी. दोन ओळी झाल्या की चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, आणि गादी पुन्हा माळ्यावर जायची. अशी बावन्न वर्षं गेली.

गादीची खांद्याजवळची सहा बोटं जागा अजून विणायची राहिली आहे.