फटफटीचा श्वास

लग्नासाठी पाहिलेल्या मुलांपेक्षा आमच्या आकांक्षाने जुन्या मोटरसायकलीच जास्त पाहिल्यात, असं तिची आई चारचौघांत सांगायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. आठवडाभर लोअर परळच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर मान मोडायची आणि रविवारी कुणाचं तरी बंद पडलेलं इंजिन उघडून बसायचं. हे वेड तिला लावलं घोडपदेवच्या कुशाबाकाकांनी. लहानपणी ती चाळीत त्यांच्या शेजारच्याच खोलीत राहायची. त्यामुळे कमलकाकूंचा फोन आला तेव्हा ती हत्यारांची पिशवी उचलून तशीच निघाली.

काकांना हॉस्पिटलातून घरी आणलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. गिरणीतला कापूस छातीत साठून राहिलेला, आता एकेक श्वास ओढून काढावा लागत होता. त्यांनी एकच मागितलं होतं, आपल्या जुन्या फटफटीचा आवाज एकदा ऐकायचा. काकूंनी शब्द देऊन टाकला आणि फटफटी काही केल्या सुरू होईना.

"मेकॅनिक येऊन गेला, बाय. हात हलवत गेला," काकू म्हणाल्या. "तू बघ गो. ह्यांच्याकडे आता फार वेळ नाय."

फटफटी जिन्याखाली होती, बरोबर काकांच्या खोलीच्या खाली. पूर्वी फिरायला निघताना काकूंना जरा उशीर झाला की काका तिच्यावर बसून खालून मूठ पिळायचे आणि वाट न बघता निघूनही जायचे. बाहेर ऊन कललं होतं, जिन्याखाली तर आधीच अंधारलेलं. वरून काकांची घरघर ऐकू येत होती. आकांक्षाने मोबाईलचा टॉर्च लावला. पेट्रोल येत होतं. प्लग काढून इंजिनाला टेकवला, किक मारली. ठिणगी निळी आणि कडक होती. राहिला इंजिनातला दाब. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवायचा आणि किक मारायची. इंजिनात जीव असेल तर हवा अंगठा उडवून लावते. ही खूण काकांनीच शिकवलेली. तिने किक मारली. अंगठा जागचा हलला नाही. पुन्हा मारली, तेच. पिस्टनच्या रिंगा गेल्या असणार, म्हणजे आज काही होत नाही. तिला रडूच कोसळलं.

अंगठा तसाच भोकावर राहिला होता. किकवरचा पाय तिने केव्हाच खाली घेतला होता. आणि अंगठ्याखाली काहीतरी हललं.

उबदार हवा बोटाला लागून बाहेर पडली. जरा थांबून तीच हवा आत ओढली गेली. मग पुन्हा बाहेर... पुन्हा आत. वास यायला हवा होता पेट्रोलचा. येत होता छातीला चोळायच्या बामचा. दुसरं कुणी हात काढून पळालं असतं. आकांक्षाने सवयीने अंगठा आणखी दाबला.

वरची घरघर थांबली.

"अगो, धाव! श्वास अडकला ह्यांचा!" वरून काकूंची हाक आली.

ती धावत वर पोचली तोवर काका पुन्हा धापा टाकत होते, ओठांवरची निळी झाक ओसरत होती. योगायोग, दुसरं काय, असं तिने स्वतःला समजावलं. खाली येऊन तिने अंगठा नुसता टेकवला, अगदी हलकेच. वरचा आवाज तुटला. तिने झटक्यात हात मागे घेतला आणि तिथेच लादीवर बसकण मारली.

तिने सांगितलं तेव्हा काकू हसल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. खाली येऊन त्यांनी भोकासमोर तळहात धरला, कितीतरी वेळ.

"हेच आहेत," त्या म्हणाल्या. मग हळूच, "प्लग लावल्याशिवाय सुरू नाय होणार?"

"नाही. दाब आलाय, पण भोक बंद केल्याशिवाय तो कोंडायचा कसा?"

"आणि लावला तर..."

आकांक्षाने मान फिरवली. "मी नाही लावणार, काकू. माझ्याने नाही होणार."

"तू कशाला लावशील गो? दे इकडे. मी बघते काय करायचं ते. तू वर जा, एकटे आहेत ते."

वर तिने देवापुढे दिवा लावला आणि काकांचा हात हातात घेतला. "काका," ती कानाशी म्हणाली, "नको असेल तर माझा हात दाबा. मी काकूंना थांबवते."

त्यांनी हात दाबला नाही. डोळे मिटून नुसते पडून राहिले, कान जिन्याकडे लावून.

आणि खाली फट्... फट्... करत फटफटी सुरू झाली. काकांचा चेहरा असा काही खुलला की आजारपण कुणाचं, असं वाटावं. घरघर उतरत गेली. एक श्वास बाहेर पडला आणि त्याच्यामागे दुसरा आला नाही. आकांक्षा हमसून रडली. फार वाईट वाटलं तिला, आणि त्यांची इच्छा पुरी झाली म्हणून बरंही वाटलं.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. बिछान्याकडे बघताच त्या समजल्या. मग त्यांनी मूठ उघडली. प्लग तळहातावर होता.

"मी लावला नाय गो... नाय झालं माझ्याने. पायरीवर बसून होते नुसती..."

खाली फटफटी चालूच होती, संथ, एका लयीत. मध्येच कुणी मूठ पिळावी तसा आवाज एकदा चढला आणि पुन्हा खाली बसला.

काकूंनी डोळे पुसले. पदर नीट केला. आणि त्या दाराशी वाकून चपला शोधू लागल्या.

"काकू... कुठे..."

"माझ्यासाठी एवढा वेळ हे कधी थांबत नायत, बाय."